शर्ट नऊ पौंड पंधरा पेन्सचा: चिनी मुलांचं इंग्रजी ऐकणं-वाचणं तपासताना

प्रश्न असा आहे. ब्रिटनमधून भाषाशिक्षणाची पदवी घेतलेल्या नाशिकच्या एक शिक्षिका सप्टेंबरपासून चीनच्या चच्यांग प्रांतात, निंगबोला, एका उच्च माध्यमिक शाळेत रुजू होत आहेत. मुलं १५-१६ वर्षांची, एका वर्गात ५० जण. पहिल्या पंधरवड्यात त्यांचं इंग्रजी ऐकणं आणि वाचणं कुठवर आलंय हे तपासून वर्षाचा आराखडा द्यायचाय. हाताशी ४० मिनिटांच्या दोन तासिका. त्या विचारतात: गाओकाओच्या (चीनच्या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेच्या) जुन्या प्रश्नपत्रिका वापरू, आयेल्ट्सच्या (परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या) वापरू, की स्वतःच काहीतरी तयार करू?

माझं उत्तर: स्वतः तयार करा. गाओकाओचा एक छोटा तुकडा त्यात शेवटी ठेवा, कशासाठी ते पुढे सांगतो. आयेल्ट्स बाजूला ठेवा. तिथलं शैक्षणिक वाचन या वयाच्या बहुतेक मुलांना झेपत नाही. अर्धा वर्ग तळाशी एकाच गुणांवर गोळा होतो आणि कोणाला काय येत नाही ते कळतच नाही. शिवाय ज्यांना परदेशी जायचंय त्यांनी त्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच कोळून प्यायलेले असतात.

आता गाओकाओबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक मुलाचं इंग्रजी त्या साच्यातून निघालेलं असणार आहे. २०२४ साली या परीक्षेला १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नावं नोंदवली होती. एकूण ७५० गुण, त्यात इंग्रजीचे १५०. सध्याच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, गाळलेल्या जागांच्या दोन प्रकारांना मिळून ३० आणि लेखनाला ४०. ऐकण्याचे प्रश्न २०, प्रत्येकी दीड गुणाचे, तीन-तीन पर्यायांचे. पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात, पुढचे पाच मोठे संवाद किंवा निवेदनं दोनदा. वाचनात चार उतारे आणि त्यांवर १५ प्रश्न. शिवाय एका उताऱ्यात पाच जागा रिकाम्या आणि खाली सात वाक्यं, त्यांतली पाच योग्य जागी बसवायची. आपल्या बारावीच्या इंग्रजीच्या लेखी पेपरात ध्वनिफीत नसते, त्यामुळे हा ऐकण्याचा भाग आपल्याला नवा वाटतो. तिथल्या मुलांना तो पाढ्यांसारखा पाठ असतो.

पाठ म्हणजे किती? चीनमधल्या कुठल्याही बारावीच्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, शर्ट केवढ्याचा? तो सांगेल, नऊ पौंड पंधरा पेन्स. ऐकण्याच्या भागाच्या सुरुवातीला एक सोडवलेला नमुना असतो. दुकानातला संवाद, प्रश्न शर्टाच्या किमतीचा, पर्याय १९.१५, ९.१८ आणि ९.१५. वर्षानुवर्षं तोच नमुना, शर्टही तेवढ्यालाच. जगात सगळं महागलं, हा शर्ट काही महागला नाही.

पण हा नमुना वाजत असताना वर्गाकडे बघा. एकही मूल तो ऐकत नसतं. सगळ्यांच्या माना खाली, डोळे पुढच्या पाच प्रश्नांवर, पेन्सिल पर्यायांतल्या फरकाखाली रेघ ओढतेय. प्रत्येक छोट्या संवादानंतर दहा सेकंद मिळतात, त्यात उत्तर खुणवायचं आणि पुढचा प्रश्नही वाचून घ्यायचा. मोठ्या संवादांना प्रत्येक प्रश्नामागे पाच सेकंद आधी आणि पाच नंतर. म्हणजे ज्याला भराभर वाचता येतं त्याला ऐकायच्या आधीच निम्मं कळलेलं असतं. प्रश्न 'दोघं कुठे भेटणार' असा आहे, पर्याय ग्रंथालय, उपाहारगृह आणि स्टेशन आहेत, म्हणजे संवादात या तिन्हींचं नाव येणार आणि बेत बदलणार. कान फक्त शेवटचं ठिकाण पकडायला लावायचा. याला फसवणूक म्हणता येणार नाही, हे कसबच आहे. पण ते ऐकण्याचं कसब किती आणि वाचण्याचं किती, हे गुणांवरून सांगता येत नाही, आणि तुम्हाला तर नेमकं तेच हवंय.

माझ्या एका वर्गातल्या मुलाला ऐकण्यात ३० पैकी २८.५ मिळत. एकच चूक. मी त्याला तशाच दर्जाची दुसरी फीत ऐकवली, मध्येच थांबवली आणि शेवटचे पाच शब्द लिहायला सांगितले. कागद जवळजवळ कोरा. मी विचारलं, मग परीक्षेत कसं जमतं? तो अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, संवादात पहिली ऐकू येणारी किंमत कधीच उत्तर नसते." त्याला इंग्रजी किती कळत होतं ते मला माहीत नव्हतं. प्रश्न काढणारे कसे विचार करतात, ते त्याला पुरेपूर कळलं होतं.

त्यात नशिबाचा वाटा वेगळाच. तीन पर्यायांच्या २० प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी सहा-सात बरोबर येतात, म्हणजे ३० पैकी साधारण १० गुण फुकट. चार पर्यायांच्या प्रश्नांसाठी मुलांमध्ये एक तुकबंदीही प्रसिद्ध आहे: तीन लांब एक आखूड तर आखूड निवड, तीन आखूड एक लांब तर लांब निवड. ती हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही घाईत प्रश्न काढाल तेव्हा बरोबर पर्याय निर्विवाद व्हावा म्हणून त्यात दोन शब्द जास्त घालाल, आणि वर्गातली पोरं तो बरोबर हुडकतील. म्हणून कुठलीही बहुपर्यायी चाचणी वापरायच्या आधी ती दोन-चार मुलांना फीत न वाजवता, उतारा न दाखवता सोडवायला द्या. नुसते प्रश्न बघून जी उत्तरं बरोबर येतात ते प्रश्न फेकून द्या. मी स्वतः काढलेल्या पहिल्या संचातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रश्न असे गेले होते, आणि तोवर मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

हे तिथल्या शिक्षकांना कळत नाही असं नाही. १९८५ साली क्वांगतोंग प्रांतात नव्या पद्धतीची प्रवेशपरीक्षा सुरू झाली तेव्हा तिच्यामागच्या मंडळींचा, क्वांगचौच्या परकीय भाषा संस्थेतल्या क्वेई शिचुन आणि ली शाओच्यू यांचा, उद्देशच मुळी हा होता की परीक्षा बदलली म्हणजे शिकवणं बदलेल. व्याकरणाच्या घोकंपट्टीतून वर्ग बाहेर येईल. काही प्रमाणात आलाही. पण पुढे ची लूशिया या संशोधिकेने शाळांमध्ये जाऊन पाहिलं तेव्हा परीक्षेचा आशय शिक्षकांनी उचलला होता आणि त्यामागचा हेतू मात्र वाटेत सांडला होता. प्रश्नाचा नवा प्रकार आला की काही महिन्यांत त्याच्या सरावाचे गठ्ठे बाजारात येतात. चिनीत याला 'श्वा थी' म्हणतात, म्हणजे प्रश्न घासणं. भांडी घासावीत तसे.

आता तुमच्या मुलांना ऐकताना नेमकं काय अडतं ते बघू. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, कारण यातल्या काही अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत आणि काही अजिबात नाहीत.

प्रमाण चिनीत अक्षराच्या शेवटी स्वर तरी असतो किंवा न, ङ यांसारखे अनुनासिक. शेवटी ट, ड, क, स असं काही नसतंच. त्यामुळे बॅक, बॅग, बॅट, बॅड हे चार शब्द कागदावर चार असले तरी कानाला दोन-अडीचच वाटतात. आणि इंग्रजीत भूतकाळ, अनेकवचन, 'वुड'चं आखूड रूप, सगळं त्या शेवटच्या व्यंजनातच लपलेलं असतं. 'आय'ड हॅव कम इफ यू'ड आस्क्ड मी' हे वाक्य मी कित्येक वर्गांत लिहायला सांगितलं आहे. 'आय हॅव कम इफ यू आस्क मी' असं उत्तर इतक्यांदा आलं, की आता मी न बघता सांगू शकतो. मात्र इथे लगेच 'कान कच्चा' असा शेरा मारू नका. चिनीत क्रियापद काळानुसार बदलत नाही. त्यामुळे त्या मुलाने 'ड' ऐकला नाही, की ऐकला पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही म्हणून सोडून दिला, हे वेगळं तपासावं लागतं. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी छापून द्या आणि चिनीत अर्थ विचारा. तिथेही चुकला तर प्रश्न कानाचा नाही.

इंग्रजीतले 'ही' आणि 'शी', म्हणजे तो आणि ती. बोली चिनीत 'तो', 'ती' आणि 'ते' तिन्ही 'ता'. लिहिताना फरक, उच्चारात नाही. म्हणून 'ही' आणि 'शी' कानावर पडूनही मुलं तिकडे लक्ष देत नाहीत, आणि तीन पात्रांच्या संवादात हरवतात. याउलट 'डोंट यू लाइक टी?' याला 'येस, आय डोंट' म्हणणं हे तुम्हाला चांगलंच समजेल. 'चहा आवडत नाही का?' या प्रश्नाला 'हो, नाही आवडत' असं आपल्याकडेही म्हणतातच. आकड्यांचंही तसंच. आपण हजारानंतर लाखाला नवं नाव देतो, ते दहा हजारालाच देतात, 'वान'. 'थ्री हंड्रेड थाउजंड' ऐकल्यावर आपलं डोकं 'तीन लाख' म्हणतं, त्यांचं 'तीस वान'. हा हिशेब मनात चालू असताना पुढची दोन वाक्यं निघून जातात. मूल दोन वाक्यं चुकतं आणि आपण लिहितो, 'एकाग्रता कमी'.

सिचुआन-हुनानकडच्या काही मुलांना न आणि ल यांत घोटाळा होतो. 'नाइट' की 'लाइट' यावर त्यांचा जीव जातो. निंगबोत हे कमी दिसेल, पण वर्गात कोणी तिकडून आलेलं असेल तर लक्षात असू द्या.

वाचनात अडचण वेगळी आहे. या मुलांचा शब्दसंग्रह कागदावर चांगला असतो. गाओकाओसाठी साधारण ३५०० शब्दांची यादी असते आणि ती अकारविल्हे घोकली जाते. पहिला लक्षात राहणारा शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणं. यादी हातात घेतली की पहिल्याच पानावर 'सोडून दे' असा सल्ला मिळतो, हा तिथला घराघरातला विनोद आहे. पण या पद्धतीने शब्द डोळ्याला ओळखीचा होतो, कानाला नाही. आणि अर्थ एकच, ठरावीक चिनी प्रतिशब्दाशी बांधलेला. उतारा वाचायची रीतही ठरलेली: आधी प्रश्न वाचायचे, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूची दोन वाक्यं वाचायची. चार प्रश्न बरोबर सोडवलेल्या मुलीला मी कागद काढून घेऊन विचारलं, उतारा कशाबद्दल होता? ती ओशाळून हसली. कारण तिने तो वाचलाच नव्हता, त्यात शोध घेतला होता.

म्हणून तुमच्या चाचणीचं सूत्र एवढंच ठेवा: काठिण्य वाढवू नका, रूप बदला. त्यांनी कधी न घासलेल्या रूपात सोपं इंग्रजी द्या.

पहिल्या तासिकेत तीन गोष्टी घ्या. सुरुवातीला शब्द, एकदा कानाने आणि एकदा डोळ्याने. यादीतले ४० शब्द निवडा, २० सोपे, २० मधले. त्यांचे दोन सारखे गट करा. एक गट तुम्ही एकेकदा उच्चारायचा आणि मुलांनी चिनीत अर्थ लिहायचा. दुसरा गट छापील. बारा मिनिटांत आटोपतं. ज्या मुलांच्या दोन आकड्यांत मोठी दरी दिसेल, त्यांना शब्द येतात पण ऐकू येत नाहीत. बहुतेक वर्गांत अशी मुलं पुष्कळ निघतात, आणि त्यांनी आजवर ऐकण्याचे कमी गुण 'शब्द कमी पडतात' या समजुतीने यादी आणखी घोकून भरून काढायचा प्रयत्न केलेला असतो.

मग थांबवून लिहायची चाचणी. ही माझी सगळ्यात लाडकी. ब्रिटिश भाषातज्ज्ञ जॉन फील्ड यांनी ही पद्धत बरीच वापरली आहे. दोन-तीन मिनिटांचं साधं बोलणं वाजवायचं, पाठ्यपुस्तकी वाचन नको, कोणीतरी आपल्या सुट्टीबद्दल सहज सांगतंय असं. अधूनमधून, अनियमित अंतराने, फीत थांबवायची. थांबली की मुलांनी शेवटचे चार-पाच शब्द लिहायचे. बारा थांबे पुरेत. शब्द सगळे अगदी सोपे असावेत. इथे प्रश्न नाही, पर्याय नाहीत, आधी वाचायला काहीच नाही, आणि लक्षात ठेवायचं ओझंही नाही, कारण शब्द कानात अजून घुमत असतात. जे लिहिलंय ते ऐकलंय. तपासताना शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा आणि चुकांच्या जाती पाडा: शेवटचं व्यंजन गेलं, दोन शब्द एकमेकांत मिसळले, 'ऑफ', 'टू', 'हॅव' असे दबके शब्द गळाले, की भलताच ओळखीचा शब्द ऐकू आला. ५० कागद चाळल्यावर तुमच्या पहिल्या तीन महिन्यांचा अभ्यासक्रम तुमच्यापुढे आपोआप उभा राहील.

तासिकेच्या शेवटी दहा मिनिटं सी-टेस्टला द्या. १९८१ साली जर्मनीत राट्झ आणि क्लाइन-ब्रॅली यांनी ती काढली. छोट्या उताऱ्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळायचा. मुलांनी तो पुरा करायचा. दिसायला खेळ वाटतो, पण वाक्याची घडण कळल्याशिवाय जमत नाही. गाओकाओतल्या गाळलेल्या जागांहून रूप पुरेसं वेगळं असल्याने जुन्या युक्त्या चालत नाहीत. दोन उतारे, प्रत्येकी २० जागा. तपासायला सोपं, आणि वर्गातली चढती भाजणी बऱ्यापैकी विश्वासाने देतं. याहून जास्त अर्थ त्यातून काढू नका.

दुसऱ्या तासिकेचा गाभा वेगळा आहे आणि त्यासाठी तुम्हाला शेजारची एक रिकामी खोली आणि एक चिनी सहकारी लागेल. प्रत्येकी अडीचशे शब्दांचे, सारख्याच काठिण्याचे दोन मजकूर घ्या. त्यांना चहा आणि कॉफी म्हणू. वर्गाचे दोन भाग करा. एका खोलीतली २५ मुलं चहा ऐकतील, दुसऱ्या खोलीतली तोच मजकूर वाचतील. मग उलट: ज्यांनी चहा ऐकला ते कॉफी वाचतील, ज्यांनी चहा वाचला ते कॉफी ऐकतील. वेळ सारखा ठेवा. मिनिटाला १४० शब्दांच्या गतीने अडीचशे शब्दांना पावणेदोन मिनिटं लागतात. फीत दोनदा वाजवा, वाचणाऱ्यांना साडेतीन मिनिटं द्या. मग कागद गोळा करा आणि सांगा: जे कळलं ते सगळं चिनीत लिहा, पाच मिनिटं.

चिनीत लिहू देण्यावर तुमचे वरिष्ठ बहुधा कपाळाला आठ्या घालतील. इंग्रजीच्या तासाला चिनी कशाला? त्यांना सांगा, इथे आपण लेखन मोजत नाही. इंग्रजीत लिहायला लावलं तर ज्याला कळलंय पण लिहिता येत नाही तो, आणि ज्याला कळलंच नाही तो, दोघं एकाच रांगेत उभे राहतील. मजकुरातले वीसेक मुद्दे आधीच काढून ठेवा, आणि सहकाऱ्याने प्रत्येक कागदात त्यांतले किती आले ते मोजावं. दहा कागद दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. दोघांच्या आकड्यांत सतत तीन-चारचा फरक येत असेल तर मुद्द्यांची यादी ढिली आहे. ती घट्ट करून पुन्हा तपासा.

आता प्रत्येक मुलाचे दोन आकडे तुमच्याकडे आहेत. वाचून १५ मुद्दे, ऐकून ६: या मुलाला भाषा येते, कानात अडते, त्याच्याकडून ऐकण्याचंच काम करून घ्या. वाचून ६, ऐकून ५: याला तासन्‌तास फिती ऐकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. शब्द आणि वाक्यरचना आधी. ऐकून जास्त आणि वाचून कमी असं क्वचित दिसतं. बहुधा ते मूल काही काळ परदेशात राहिलेलं असतं किंवा रात्री जागून मालिका बघतं. त्याला वर्गात ढ समजलं जातं आणि ते सगळ्यात चटकन वर येतं.

शेवटची बारा मिनिटं गाओकाओचा तुकडा: एक मोठा संवाद आणि चौथा, सहसा सगळ्यात अवघड, उतारा. तो शेवटीच ठेवा, कारण तो आधी दिला की मुलं परीक्षेच्या पवित्र्यात जातात आणि मग बाकीचंही त्याच पवित्र्यात सोडवतात. त्याचा उपयोग तुलनेपुरता. ज्या मुलाचे इथे गुण उत्तम आणि बाकी सगळीकडे कमी, तो आमच्या २८.५ वाल्याचा भाऊ. त्याच्याशी तुम्हाला फार जपून वागावं लागेल, कारण त्याच्या दृष्टीने त्याला काहीच अडचण नाही.

गुणांचं काय करणार हे चाचणीच्या आधी मुलांना स्पष्ट सांगा, आणि वर्गशिक्षकाशीही बोलून ठेवा. तिथे वर्गशिक्षकाचा शब्द फार मोठा असतो. दर महिन्याच्या परीक्षांची आणि क्रमांकांची सवय असलेल्या वर्गात 'ही चाचणी क्रमवारीत धरणार नाही' हे वाक्य दोनदा, आणि चिनीत, सांगावं लागतं. तरी पहिल्या वेळी अर्धी मुलं विश्वास ठेवत नाहीत.

आकड्यांवर तुम्हीही फार भिस्त ठेवू नका. २० प्रश्नांच्या चाचणीत गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा (प्रमाण विचलन) चारच्या आसपास असेल आणि विश्वासार्हता (पुन्हा घेतली तर निकाल किती जुळेल याचं ० ते १ असं मोजमाप) ०.७५ असेल, तर एकेका मुलाच्या गुणांतली चूक दोन प्रश्नांएवढी निघते. म्हणजे १३ आणि १५ यांत खरा फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यावरून 'अ' तुकडी 'ब' तुकडी पाडायची असेल तर सीमारेषेवरच्या मुलांशी पाच-पाच मिनिटं बोला.

आणि एक पथ्य. वर्षाच्या शेवटी तुम्ही दुसरी चाचणी घ्याल, ती जास्त अवघड निघेल, आणि प्रगती दिसावी म्हणून मागाहून गुण वाढवून जुळवायचा मोह होईल. तुमच्याच प्रांतात याचं मोठं उदाहरण घडलेलं आहे. चच्यांग आणि शांघाय इथे २०१४ च्या सुधारणेनंतर इंग्रजीचा पेपर वर्षातून दोनदा देता येऊ लागला, आणि चांगले गुण ते धरायचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चच्यांगचा पेपर अवघड निघाला. आधीच्या परीक्षेशी मेळ बसावा म्हणून काही प्रश्नांचं वजन मागाहून बदलून गुण लावले गेले, आणि निकाल लागताच पालक उठले. ज्याने अवघड प्रश्नाचा घास घेतला त्याला जास्त आणि ज्याने सोप्यात बाजी मारली त्याला कमी, हे आधी सांगितलेलंच नव्हतं. प्रांत सरकारने चौकशी नेमली, डिसेंबरच्या सुरुवातीला तो निर्णय चुकीचा ठरवून मूळ गुण परत दिले, आणि प्रांताच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पद गमवावं लागलं.

मुळातली गाठ तांत्रिक होती. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एका पातळीवर आणायचे तर प्रश्न आधी कुठेतरी वापरून बघावे लागतात, किंवा दोन्हींत काही प्रश्न सामाईक ठेवावे लागतात. गाओकाओत यातलं काहीच शक्य नाही. प्रश्नपत्रिकेवर 'अतिगोपनीय' असा शिक्का असतो, आणि ती काढणाऱ्यांना परीक्षा संपेपर्यंत बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात. तुम्हाला ते बंधन नाही. आजची थांबवून लिहायची फीत आणि सी-टेस्टचा एक उतारा परत गोळा करून कुलपात ठेवा, आणि जूनमध्ये त्यातलाच अर्धा भाग पुन्हा वापरा. मुलांच्या पिशवीतून एकही कागद वर्गाबाहेर जाता कामा नये. गेला तर दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या फोनवर असेल आणि आठवडाभरात घासूनही झालेला असेल.

गाओकाओतच रूप बदलायचे प्रयत्न झालेत, तेही बघून ठेवा. क्वांगतोंगमध्ये २०११ पासून ऐकणं आणि बोलणं संगणकावर एकत्र तपासतात: ऐकून तसंच म्हणून दाखवायचं, प्रश्नोत्तरं करायची, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. पेइचिंगने (म्हणजे बीजिंगने) २०२१ पासून ऐकण्या-बोलण्याला मिळून ५० गुण दिले. गोष्ट परत सांगायला लावणं हे मला तिन्हींत सगळ्यात चांगलं वाटतं, त्यात पर्यायांचा आधार नसतो. अर्थात, त्याचेही सरावसंच निघालेच.

राहिली व्यवस्थेची गोष्ट. गाओकाओच्या इंग्रजीला दुपारी पावणेतीननंतर दारातून आत घेत नाहीत, पेपर तीनला असतो, आणि आसपासचं बांधकाम आणि गाड्यांचे भोंगे बंद ठेवतात. तुमच्यासाठी कोणी रस्ता शांत करणार नाही. आदल्या दिवशी वर्ग रिकामा असताना फीत लावा आणि शेवटच्या बाकावर, खिडकीशी, जाऊन बसा. वर्गातले स्पीकर बहुधा फळ्याच्या वर असतात आणि ५० मुलांच्या खोलीत मागच्या दोन रांगांना शेवटची व्यंजनं ऐकूच येत नाहीत, नेमकी तीच जी तुम्हाला तपासायची आहेत. तसं असेल तर मागे एक छोटा स्पीकर न्या, किंवा भाषा-प्रयोगशाळेतले हेडफोन मागून घ्या. वेळापत्रकही बघून घ्या. सकाळी मधल्या सुट्टीत अख्खी शाळा मैदानात कवायतीला उतरते आणि तिचं संगीत चार मजले वर ऐकू येतं. त्याला लागून असलेली तासिका घेऊ नका.